गाऱ्हाणं कुणापुढं घालायचं?

गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातल्या एका गावातून हे पत्र आलं आहे. लिहिणारीचं वय ३६, शिक्षण मराठी माध्यमातून बारावीपर्यंत. घरात नवरा, सासू, आठवीतला मुलगा आणि पाचवीतली मुलगी. बंद पडलेल्या खाणी पुन्हा सुरू झाल्यावर, २०१६ मध्ये, नवऱ्यानं कर्ज काढून जुना टिपर घेतला. कमी पडलेल्या पैशांसाठी हिनं मेहरचं सोनं मोडलं. १६ मार्च २०१८ पासून खाणी पुन्हा थांबल्या आणि टिपर दारात उभा राहिला. नवरा दुसऱ्याची गाडी चालवू लागला. दीड वर्षापूर्वी त्याला अर्धांगवायूचा झटका आला. वाचा परत आली, उजवा हात आला नाही. आता घर हिच्या शिवणकामावर चालतं.

गेल्या रमजानमध्ये बँकेची नोटीस आली. त्या रात्री सासूसमोर हिच्या तोंडून निघून गेलं, ‘अल्लाहला काय आमचंच घर दिसतं?’ सासू म्हणाली, ‘तोबा कर. इतक्या दिवसांचा सब्र एका शब्दात घालवलास. नाशुक्री, कृतघ्नता घराला लागते.’ पंधरा दिवसांनी मुलगा सायकलवरून पडला, हात मोडला. तेव्हापासून ही कुणाशी मनातलं बोलत नाही. झोप नाही, नमाजला उभं राहिलं की भीती वाटते. ती विचारते, ‘तकदीरबद्दल तक्रार करणं एवढा मोठा गुनाह आहे का? मुलाचा हात माझ्या तोंडामुळे मोडला का? सब्र म्हणजे गप्प राहणं असेल तर मला ते जमत नाही. कधी कधी वाटतं, हे सगळं बघण्याआधीच मेले असते तर बरं झालं असतं. खाला, तुम्हाला हे लिहितेय, हाही शिकवा, म्हणजे तक्रारच का?’

*

बेटा,

तुझ्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. नाही, मला लिहिणं हा शिकवा नाही. दुखणं घेऊन कुणाकडे तरी सल्ला मागायला जाणं याला आपल्या दीनमध्ये, म्हणजे धर्मात, कुणी नाशुक्री म्हटलेलं नाही. मी आलिमा, म्हणजे धर्मशास्त्र शिकलेली बाई नाही, फोंड्यात मराठी शिकवून निवृत्त झालेली बाई आहे, तेव्हा फतवा माझ्याकडून मिळणार नाही. पण हा प्रश्न माझ्या स्वतःच्या घरातून जाऊन आलेला आहे, आणि त्याची उत्तरं मी खूप वर्षं शोधली आहेत.

तरी आधी त्या एका वाक्याबद्दल बोलू, जे तू दोन मोठ्या वाक्यांच्या मध्ये हळूच ठेवून दिलंयस. ‘मेले असते तर बरं झालं असतं.’ हे वाक्य कुरआनात आहे, तुला ठाऊक आहे का? सूरह मरियममध्ये, २३व्या आयतीत. हजरत ईसांची आई हजरत मरियम एकट्या, खजुराच्या खोडाला टेकलेल्या, प्रसूतीच्या कळा सोसत म्हणतात, ‘याआधीच मी मेले असते, आणि विस्मरणात गेले असते तर!’ अल्लाहनं निवडलेली बाई हे म्हणते. त्यावर वरून फटकार येत नाही. पुढच्याच आयतींत हाक येते की दुःख करू नकोस, तुझ्या पायाशी झरा ठेवला आहे, खोड हलव, पिकलेला खजूर पडेल, खा, पी, डोळे थंड कर. मी ही आयत वाचते तेव्हा दर वेळी थांबते. मरणाची इच्छा बोलून दाखवलेल्या बाईला आधी पाणी आणि खाणं दिलं गेलं.

मरण मागू नये, अशी आपल्याला ताकीद आहे, हे खरं. पण त्याच हदीसमध्ये, म्हणजे पैगंबरांच्या वचनात, जे बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही हदीससंग्रहांत आहे, अगदीच राहवत नसेल त्याच्यासाठी शब्दही दिले आहेत: ‘या अल्लाह, जगणं माझ्यासाठी भलं आहे तोवर मला जगव, आणि मरण भलं असेल तेव्हा मरण दे.’ म्हणजे अशी वेळ माणसावर येते, हे तिथं गृहीत धरलेलं आहे. तू हे शब्द म्हण. आणि त्याबरोबर खोड हलवायचं कामही कर. १४४१६ हा सरकारचा टेलिमानस क्रमांक आहे, चोवीस तास चालतो, पैसे पडत नाहीत, मराठीतून बोलता येतं. बांबोळीला मनोरुग्णांसाठीचं सरकारी इस्पितळ आहे, तिथं बाह्यरुग्ण विभागात दाखवता येतं. इतके महिने झोप नाही, म्हणजे हे आता डॉक्टरचं काम झालं आहे, त्याला ईमानाचा कमकुवतपणा समजू नकोस. आणि हा विचार कधी ‘कसं मरावं’ इथपर्यंत गेला, तर सकाळची वाट बघू नकोस. त्याच क्षणी घरातल्या कुणाला तरी उठव, एकटी राहू नकोस आणि फोन लाव.

आता तुझ्या मुख्य प्रश्नाकडे येते.

तू पत्रात तीन शब्द वापरलेस, तक्रार, शिकवा आणि नाशुक्री, आणि तिन्हींचा अर्थ एकच धरलास. भाषेची मास्तरीण असल्यामुळे मला ते खटकलं. ‘तक्रार’ हा शब्द अरबीतून फिरत फिरत मराठीत आला. मूळ अरबीत ‘तकरार’ म्हणजे पुन्हा पुन्हा करणं, पुनरावृत्ती. ‘शिकवा’ आणि ‘शिकायत’ यांचं मूळ वेगळं, त्यात आपलं दुखणं कुणाला तरी सांगणं एवढंच आहे. नाशुक्री म्हणजे मिळालेलं नाकारणं. आणि आपल्याकडे चौथाही एक शब्द आहे, जो तू वापरला नाहीस: गाऱ्हाणं. आपल्या शेजारच्या हिंदू घरांत, गावच्या देवळात, जत्रेला, गाऱ्हाणं घालतात हे तू लहानपणापासून ऐकलं असशील. त्या शब्दात तक्रार आणि प्रार्थना वेगळ्या काढता येत नाहीत. माणूस ज्याच्याकडून उत्तराची आशा धरतो, त्याच्यापुढंच गाऱ्हाणं घालतो.

कुरआनात हे गाऱ्हाणं जागोजागी भेटतं. नबी हजरत याकूबांचं घे. मुलगा यूसुफ हरवल्यावर त्यांनी ‘सब्रे जमील’ म्हटलं, सुंदर सब्र. दुसरा मुलगा अडकला तेव्हाही तेच म्हटलं. आणि त्याच सूरहमध्ये, ८४व्या आयतीत, ते मान फिरवून ‘हाय यूसुफ!’ म्हणतात, आणि दुःखानं त्यांचे डोळे पांढरे पडतात. घरचे काय म्हणाले? तुझ्या सासूसारखंच काहीसं. मुलगे म्हणाले, तुम्ही यूसुफची आठवण काढत काढत झिजून जाल नाहीतर मरून जाल. त्यावर याकूबांचं उत्तर असं: ‘मी माझं दुःख आणि माझी व्यथा फक्त अल्लाहपाशीच मांडतो.’ मूळ शब्द आहे ‘अशकू’. शिकायतीचं मूळ तेच आहे. ज्या माणसाच्या सब्रला सुंदर म्हटलं, त्याच्याच तोंडी शिकायतीचा शब्द आहे.

आजारानं पिडलेले नबी हजरत अय्यूबही गप्प बसले नाहीत. ‘मला पीडेनं गाठलं आहे, आणि तू सगळ्या दयावंतांहून दयावंत आहेस,’ असं म्हणाले. त्यांच्याबद्दल सूरह सादमध्ये अल्लाह म्हणतो, ‘आम्हाला तो साबिर, सब्र करणारा, आढळला.’ हाक मारल्यानं त्यांचं नाव साबिरांच्या यादीतून गेलं नाही.

आणि खवला बिन्त सअलबा. हिची गोष्ट प्रत्येक मुलीला शाळेच्या वयात सांगायला हवी, असं माझं मत आहे. नवऱ्यानं रागाच्या भरात तिला ‘तू मला आईच्या पाठीसारखी’ म्हणून टाकलं. त्या काळच्या अरबी रिवाजात हे म्हणजे बायकोला टाकणं, पण मोकळंही न करणं. ती पैगंबरांकडे (स.) आली आणि वाद घालू लागली. पैगंबरांच्या पत्नी हजरत आयशा सांगतात की मी त्याच घरात होते, तरी तिचं काही बोलणं मला ऐकू येत नव्हतं. पण ५८व्या सूरहची सुरुवातच अशी आहे: जी बाई तुझ्याशी आपल्या नवऱ्याबद्दल वाद घालत होती आणि अल्लाहपाशी तक्रार करत होती, तिचं म्हणणं अल्लाहनं ऐकलं. त्या सूरहचं नावच ‘अल मुजादिला’, वाद घालणारी. घरातल्या अन्यायाची एका बाईची तक्रार, आणि त्यावर तो रिवाज मोडणाऱ्या आयती आल्या.

तुला वाटेल, या सगळ्या अल्लाहपाशी केलेल्या तक्रारी झाल्या, माणसांपाशी दुखणं बोलायचं की नाही? इमाम बुखारींनी आपल्या हदीससंग्रहात आजारपणाचं एक प्रकरण ठेवलं आहे. त्यात एका पोटभागाचं शीर्षकच असं की, रुग्णानं ‘मला दुखतंय’, ‘हाय माझं डोकं’, ‘वेदना फार वाढली’ असं म्हणायला मुभा आहे. त्या शीर्षकातच त्यांनी अय्यूबांची आयतही जोडली आहे. पुढं हदीस येते: हजरत आयशा म्हणाल्या, ‘हाय माझं डोकं!’ आणि थोड्या बोलण्यानंतर पैगंबर (स.) म्हणाले, ‘उलट माझंच डोकं, हाय!’ नवरा-बायको दोघंही एकमेकांना आपलं दुखणं सांगताहेत. त्यांचा मुलगा इब्राहीम वारला तेव्हा त्यांचे डोळे वाहू लागले. सहाबींपैकी, म्हणजे त्यांच्या सोबत्यांपैकी, अब्दुर्रहमान बिन औफ यांनी आश्चर्यानं विचारलं, तुम्हीसुद्धा? ते म्हणाले, ही रहमत आहे. डोळे रडतात, मन दुःखी होतं, पण आम्ही तेच बोलतो ज्यानं आमचा रब राजी होईल.

हे सगळं मला फार उशिरा कळलं. माझ्या अम्मीला छातीत गाठ लागली होती. तिनं ती किती महिने लपवली, ते आम्हाला कधीच नीट समजलं नाही. विचारलं तेव्हा म्हणाली, ‘दुखतंय दुखतंय करत फिरायचं का? अल्लाहनं दिलंय, तोच नेईल.’ तिचा सब्र खरा होता, त्यावर मी आजही शंका घेत नाही. पण ती दुखतंय म्हणाली असती तर आम्ही वेळेत डॉक्टरकडे गेलो असतो. त्यानंतर कुठल्याही बाईला कुणी ‘गप्प राहा, सब्र कर’ म्हणालं की मी मध्ये बोलते. त्यामुळे तुझ्या सासूबद्दल लिहिताना मला स्वतःला आवरावं लागणार आहे.

कारण सासूचं म्हणणं मुळातच खोटं आहे, असं नाही. चौदाव्या शतकातले दमिश्कचे विद्वान इब्नुल कय्यिम सब्रचे तीन भाग सांगतात: मनाला चिडण्यापासून आवरणं, जिभेला तक्रारीपासून आवरणं, आणि हातपायांना गाल बडवण्यापासून, कपडे फाडण्यापासून आवरणं. सब्र या शब्दातच बांधून धरण्याचा अर्थ आहे. पण हेच इब्नुल कय्यिम तक्रारीच्याही पायऱ्या लावतात. सगळ्यांत खालची म्हणजे अल्लाहची तक्रार माणसांपाशी करणं. त्यावरची म्हणजे माणसांची तक्रार अल्लाहपाशी. आणि सगळ्यांत वरची म्हणजे आपली स्वतःची तक्रार अल्लाहपाशी. जीभ आवरायची ती या खालच्या पायरीपासून. तुझ्या सासूनं त्या वाक्यातला ‘तक्रार नको’ एवढाच भाग ऐकलेला आहे. आपल्याकडे बहुतेकांनी तेवढाच ऐकलाय.

आता तुझं वाक्य. ‘अल्लाहला काय आमचंच घर दिसतं?’ तुला बरं वाटावं म्हणून मी ते वाक्य चांगलं होतं, असं म्हणणार नाही. ते खालच्या पायरीवरचं आहे. तुलाही ते कळलं, म्हणून तर झोप उडाली. पण ‘पस्तावा हीच तोबा’ अशी हदीस आहे, आणि तुझा पस्तावा पत्राच्या ओळीओळीत दिसतो. मुस्लिममधली दुसरी एक हदीस मला तुझ्यासाठी आठवली. वाळवंटात एका माणसाचा उंट हरवतो. अन्न, पाणी सगळं त्याच्यावर. हताश होऊन तो झाडाखाली पडतो, डोळे उघडतो तर उंट समोर उभा. आनंदाच्या भरात त्याच्या तोंडून उलटंच निघतं, ‘या अल्लाह, तू माझा बंदा आणि मी तुझा रब.’ शब्द बघितले तर केवढे भयंकर! पण पैगंबर (स.) ही गोष्ट त्याला दोष देण्यासाठी सांगत नाहीत. बंद्याच्या तोबेनं अल्लाहला या माणसाहूनही जास्त आनंद होतो, हे सांगण्यासाठी ती आहे. आनंदाच्या भरात जीभ घसरलेल्याकडे जो असं बघतो, तो बँकेची नोटीस हातात धरलेल्या बाईची जीभ घसरली तर कसं बघेल, याचा विचार तूच कर. एकदा अस्तगफिरुल्लाह म्हटलंस, तिथं ते वाक्य संपलं. ते रोज उकरून काढू नकोस. ही जी रोजची उकराउकर तू करतेस ना, ती मात्र खऱ्या अर्थानं तकरार आहे.

मुलाच्या हाताचं म्हणशील तर, आठवीतली मुलं सायकलवरून पडतात. सत्तरीतले पावसाळ्याआधीचे खडीचे रस्ते मी पाहिले आहेत. त्याचा हात तुझ्या तोंडामुळे मोडला, हे तू कशावरून ठरवलंस? गैबचं, न दिसणाऱ्याचं ज्ञान ना तुला, ना तुझ्या सासूला, ना मला. तिरमिजीत हदीस आहे की सगळ्यांत कठीण कसोटी नबींची होते, मग त्यांच्या खालोखालच्या चांगल्या माणसांची. संकट म्हणजे शिक्षाच असं गणित असतं, तर अय्यूबांचं काय करायचं? आणि जरा मागं जाऊन बघ. खाणी थांबल्या, झटका आला, तेव्हा तर तू एक अवाक्षरही काढलं नव्हतंस. मुलानं मात्र आजीचं वाक्य ऐकलं असेल. त्याला जवळ घेऊन एकदा सांग की तुझा हात कुणाच्या गुनाहमुळे मोडलेला नाही. मुलं अशा गोष्टी वर्षानुवर्षं पोटात ठेवतात.

आणखी एक शब्द तुझ्या पत्रात मी मोजला. ‘जर’. जर टिपर घेतला नसता, जर २०१२ च्या खाणबंदीवरून शहाणे झालो असतो, जर मी सोनं मोडायला हो म्हटलं नसतं. सात वेळा आलाय. मुस्लिममधल्या हदीसचा हा अर्थ बघ: जे तुझ्या फायद्याचं आहे त्याच्यासाठी झट, अल्लाहची मदत माग, हातपाय गाळू नकोस, आणि काही घडलंच तर ‘मी असं केलं असतं तर’ म्हणू नकोस, कारण ‘जर’नं शैतानाच्या कामाला दार उघडतं. म्हण की अल्लाहनं ठरवलं, त्याला हवं ते त्यानं केलं. लोक या हदीसचा फक्त शेवट सांगतात. पण सुरुवात झटण्यानं आहे, तकदीरचं नाव शेवटी येतं, हातातलं सगळं करून झाल्यावर. २०१६ मध्ये अख्खा खाणपट्टा टिपर घेत होता. सर्वोच्च न्यायालय दोन वर्षांनी खाणींच्या ८८ लीजचं नूतनीकरण रद्द करील, हे घरात शिवणकाम करणाऱ्या बाईला कळायला हवं होतं, असं कोण म्हणेल?

इथं मला तुझ्याशी थोडा वाद घालायचा आहे. तू या सगळ्याला मिळून एकच नाव दिलंस, तकदीर. झटका आला, ती तकदीर. पण बँकेचा हप्ता? दिवसभर मशीन चालवून रात्रीची भांडीही तूच घासतेस, ती तकदीर का? सूरह निसामध्ये, १४८व्या आयतीत आहे की वाईट बोलणं उघडपणे केलेलं अल्लाहला आवडत नाही, पण ज्याच्यावर जुलूम झाला आहे त्याची गोष्ट वेगळी. म्हणजे जिथं अन्याय माणसांचा आहे, तिथं तोंड उघडायला मुभा आहे. तुझ्यासारख्या किती तरी बहिणी मला लिहितात, आणि त्यांतल्या अर्ध्याअधिक पत्रांत नशिबाच्या नावावर घातलेलं गाठोडं उघडलं तर आत माणसांनी केलेल्या गोष्टी निघतात.

खलिफा हजरत उमर शामकडे, म्हणजे सीरियाकडे, निघाले होते, वाटेत कळलं की तिथं प्लेगची साथ आहे. त्यांनी मागं फिरायचं ठरवलं. सहाबी अबू उबैदा म्हणाले, अल्लाहच्या तकदीरपासून पळता? उमर म्हणाले, हो, अल्लाहच्या तकदीरपासून अल्लाहच्याच तकदीरकडे. मग त्यांनी विचारलं, तुझे उंट घेऊन तू अशा दरीत उतरलास की एक बाजू हिरवी आणि एक उजाड, तर हिरव्या बाजूला चारलंस तरी ती तकदीरच ना?

तुमच्या दरीची हिरवी बाजू कुठं आहे, ते मला दिसतं तेवढं सांगते. टिपर दारात गंजतोय, तो आता विकायला काढा. मिळेल ती किंमत घेऊन मुद्दल कमी करा, आणि बँकेत तोंडी न बोलता लेखी अर्ज द्या की कमावत्या माणसाला अर्धांगवायू झाला आहे, हप्ते नव्यानं बांधून द्या. अर्जाला डॉक्टरचे कागद जोडा. मुदत मागण्यात लाज नाही. कर्जदार अडचणीत असेल तर सवड द्या, असं खुद्द कुरआनात सावकाराला सांगितलं आहे. नवऱ्यासाठी सरकारी वैद्यकीय मंडळाकडून अपंगत्वाचा दाखला काढा. तो हातात असला की दयानंद सामाजिक सुरक्षा योजनेतल्या मासिक मदतीसाठी अर्ज करता येतो. दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेचं कार्ड आहे का, नूतनीकरण झालंय का, तेही बघ. पंचायतीत विचारलंस तर फॉर्मची माहिती मिळेल.

आणि जकात, म्हणजे ऐपत असलेल्यांनी गरजूंसाठी काढायचा वाटा. हे वाचून तुझी सासू दुखावेल, पण मला लिहायलाच हवं. सूरह तौबामध्ये जकात घेण्याचा हक्क असलेले आठ प्रकारचे लोक सांगितलेत, आणि त्यांत कर्जात बुडालेला माणूस वेगळा, नाव घेऊन सांगितला आहे. तो हक्क आहे, त्याला भीक म्हणू नका. तुमच्या मशिदीच्या इमामसाहेबांकडे किंवा जमातीतल्या विश्वासू माणसाकडे हिशेब घेऊन जा. सगळ्या गावाला सांगायची गरज नाही. आणि आपली परिस्थिती योग्य माणसाला सांगणं म्हणजे अल्लाहची तक्रार नव्हे, नाहीतर जकात कुणाला द्यायची हे कळणार कसं?

फिजिओथेरपी बंद केली, असं एका ओळीत लिहिलंयस, ‘आता काय उपयोग’ म्हणून. झटक्यानंतर पहिल्या काही महिन्यांत सुधारणा जास्त होते हे खरं, पण नंतरही व्यायामानं फरक पडू शकतो. जवळच्या आरोग्य केंद्रात जाऊन घरी करायचे व्यायाम शिकून घ्या. रक्तदाबाची गोळी तर एक दिवसही चुकवू देऊ नकोस. इलाज करा, अल्लाहनं म्हातारपण सोडून प्रत्येक आजाराला इलाज ठेवला आहे, ही हदीस अबू दाऊदमध्ये आहे.

नमाजची भीती जाईल, हळूहळू. फर्ज, म्हणजे बंधनकारक, नमाज आहे तशी पढ. संपली की लगेच उठू नकोस. हात उचल आणि आपल्या घरच्या बोलीत बोल. नोटीस, हात, मशीनचा तुटलेला पट्टा, मुलीची फी, सगळं. पाठ केलेल्या सुंदर शब्दांची वाट बघू नकोस. रडू आलं तर येऊ दे. याकूबांनी जिथं नेलं तिथंच तूही नेतेस. आणि माणसांत एक बाई निवड, एकच, जी ऐकेल आणि पुढं पसरवणार नाही. बहीण असेल, शाळेतली मैत्रीण असेल. दहा जणींना सांगून दहा सल्ले गोळा करण्यापेक्षा हे बरं.

सासूबद्दल आवरून लिहीन म्हटलं होतं. ती त्याची आई आहे, बेटा. ज्या हाताला तिनं लहानपणी घास भरवायला शिकवलं, तो आता लोंबकळतोय. मला वाटतं, तू ते वाक्य बोललीस तेव्हा ती तुझ्यावर रागावली नव्हती, ती घाबरली होती. या घराला आणखी काही लागू नये, एवढंच तिच्या मनात असेल, आणि तिला येत होते त्या शब्दांत ती ते बोलली. तिच्याशी हदीसवरून वाद घालू नकोस. हे पत्रही तिच्यापुढं पुराव्यासारखं ठेवू नकोस. कधीतरी दुपारी, तिच्या डोक्याला तेल लावताना, एवढंच म्हण, ‘अम्मी, मी त्या दिवशी चुकीचं बोलले, तोबा केली. पण मला फार भीती वाटते. तुम्हाला वाटत नाही का?’ मग थांब. तिलाही कुणीतरी हे विचारायला हवं होतं. आणि रात्रीची भांडी मुलाला सांग. हात बरा झाल्यावर आठवीतल्या मुलाला तेवढं जमतं.

शेवटी तुझ्या नवऱ्याबद्दल. एवढ्या लांब पत्रात तो एकदाही बोलत नाही, हे तुझ्या लक्षात आलं का? त्याचा टिपर, त्याचं कर्ज, त्याचा हात आहे, पण त्याचा एक शब्दही नाही. त्या रात्रीचं तुझं वाक्य आणि आईचं उत्तर त्यानं आतून ऐकलंच असणार. झटक्यानंतर पुष्कळ माणसं आतून काळोखात जातात. तो आजाराचाच भाग असतो, आणि डॉक्टरला सांगितलं तर त्यावर औषध आहे. तो नमाज पढत नाही, असंही तू लिहितेस, ‘उभं राहता येत नाही म्हणून’. इम्रान बिन हुसैन यांना पैगंबरांनी (स.) सांगितलं होतं, उभं राहून पढ, जमलं नाही तर बसून, तेही नाही तर कुशीवर पडून. हे त्याला कुणी सांगितलंय का? तो हिशेबाचा माणूस होता, फेऱ्या आणि डिझेल तोंडपाठ ठेवायचा. तुझ्या शिवणकामाची वही त्याच्याकडे दे. डावा हात चालतो.

आज रात्री मशीन बंद केलीस की त्याच्या खाटेशेजारी बस आणि विचार, ‘तुम्हाला काय वाटतं?’ त्याची जीभ अजून जड असेल, उत्तराला वेळ लागेल. मध्ये बोलू नकोस, त्याचं वाक्य त्यालाच पुरं करू दे.

तुझी खाला